पाच कुलपं, एक चावी

मामाच्या मिनीबसला दारं-कप्पे मिळून पाच कुलपं, पाच चाव्या! एका रात्री काशीमीरा नाक्यावर त्याचा हात कापला आणि फर्स्ट-एडच्या कप्प्याची चावीच सापडेना. दुसऱ्या दिवशी चावीवाला गाठला.

लायनस येल ज्युनियरच्या १८६१च्या पेटंटमधल्या कुलपात पिना असतात. गाडीच्या कुलपात बहुधा पातळ चकत्या. बरोबर चावी घातली, की सगळ्या चकत्या नळीच्या आत येतात आणि नळी फिरते. एक जरी बाहेर राहिली, तरी अडते. चावीवाल्याने एक चावी ठरवून बाकी कुलपांच्या चकत्या तिच्या दात्यांप्रमाणे बदलल्या. एका कुलपाची खाच वेगळी निघाली, चावी आतच जाईना. ते नवं घ्यावं लागलं.

पण ही चावी हरवली, तर पाचही कुलपं गेली! म्हणून जोडचावी मामीकडे असते.