शिफारसपत्र कुणाचं घ्यायचं?

पालकहो, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष लागलं की अमेरिकेत एमएसला जायचं म्हणणाऱ्या घरांत एलओआरचा, म्हणजे शिफारसपत्रांचा, विषय निघतो. बहुतेक विद्यापीठं तीन शिफारसपत्रं मागतात, काहींचं दोनांत भागतं. मग आपल्या डोळ्यांपुढे ओळखीची मोठी माणसं येऊ लागतात. 'प्राचार्यांना मी सांगतो', 'काकांच्या कंपनीतले डायरेक्टर देतील की!' हेतू चांगलाच असतो, पण हा वशिला इथं कामाचा नाही.

का, ते सांगते. पत्र देणाऱ्याला फॉर्ममध्ये विचारतात, या विद्यार्थ्याला तुम्ही किती काळ आणि कोणत्या नात्यानं ओळखता? बरोबरीच्या मुलांत तो वरच्या 5 टक्क्यांत बसतो की 10? ज्यांनी तुमच्या मुलीला एकही विषय शिकवला नाही, ते प्राचार्य 'हुशार, मेहनती, नम्र' यापलीकडे काय लिहिणार? तेच प्रोजेक्ट गाईड लिहितील, 'सेन्सरचं रीडिंग दर वेळी वेगळं येत होतं. ग्रुपमधले बाकीचे सरासरी काढून मोकळे व्हायला निघाले होते. हिनं एकेक जोड तपासून सैल वायर शोधून काढली.' निवड करणाऱ्यांना अशा ओळींतून मुलगी दिसते.

म्हणून पहिलं नाव प्रोजेक्ट गाईडचं. दुसरं, ज्या शाखेत पुढे शिकायचंय त्यातला महत्त्वाचा विषय शिकवणाऱ्या सरांचं किंवा मॅडमचं. तिसरं, इंटर्नशिपमध्ये रोजचं काम पाहणाऱ्या वरिष्ठाचं, एचआरचं नको. पीएचडीला अर्ज असेल तर संशोधन जवळून पाहिलेल्यांना आधी विचारावं.

विचारायला मुलांनाच जाऊ द्या. बऱ्याच ठिकाणची मुदत डिसेंबरात असते, आणि त्याच सुमारास कॉलेजात सबमिशन, ओरल, प्रॅक्टिकलची धांदल. तेव्हा दीड-दोन महिने आधी भेटून सरळ विचारावं, 'सर, माझ्याबद्दल सविस्तर लिहू शकाल का?' सर घुटमळले तर आभार मानून दुसरं नाव बघावं. हो म्हणाले तर रेझ्युमे, एसओपी (उद्देशपत्र), मार्कशीट आणि विद्यापीठांची तारखांसह यादी हातात द्यावी. अपलोडची लिंक त्यांनाच मेलवर येते. तो मेल कॉलेजचा अधिकृत असलेला बरा.

'तूच लिहून आण, मी सही करतो', असंही आपल्याकडे सर्रास ऐकायला मिळतं. अशा वेळी मुलांनी केलेल्या कामाचे मुद्दे द्यावेत, पत्र नव्हे. एकाच हातची तीन पत्रं वाचणाऱ्याला ओळखू येतात. शिवाय 1974 च्या अमेरिकी कायद्यानं, तिथं प्रवेश घेतल्यावर विद्यार्थ्याला ही पत्रं पाहता येतात. अर्जात तो हक्क सोडता येतो. तो सोडलेलाच बरा, म्हणजे लिहिणारा मोकळेपणानं लिहितो. आपणही 'काय लिहिलंय, दाखव' म्हणून मागे लागू नये.

आज जेवताना एवढंच विचारा, 'तुझं काम सगळ्यात जवळून कुणी पाहिलंय?' उत्तरात दोनच वर्षांपूर्वी रुजू झालेल्या एखाद्या मॅडमचं नाव आलं, तरी नाक मुरडू नका.