समुद्रापलीकडील शिक्षणाची तयारी

परदेशी जाऊन शिकण्याचा विचार मनात आला की विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो प्रवेशाचा आणि दुसरा पैशाचा. विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती आले व खर्चाची तजवीज झाली म्हणजे तयारी पुरी झाली, अशी त्याची आणि त्याच्या वडीलधाऱ्यांची समजूत असते. वस्तुतः तेथे तयारीचा केवळ पूर्वार्ध संपलेला असतो. परक्या देशात जाऊन पोहोचणे ही एक गोष्ट आणि तेथे दोन-तीन वर्षे शरीर व मन धड ठेवून अभ्यास करीत राहणे ही अगदी निराळी गोष्ट होय. या दोहोंतील अंतर ज्या एका उदाहरणावरून स्पष्ट दिसते, ते चेन्नई शहरातील आहे. १८५७ साली मुंबई व कलकत्ता येथील विद्यापीठांबरोबरच स्थापन झालेल्या मद्रास विद्यापीठाने १९१४ साली आपल्या एका संशोधक विद्यार्थ्याला केंब्रिजला पाठविले. हा विद्यार्थी म्हणजे श्रीनिवास रामानुजन. त्यांच्या गणिताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे आपल्याला पाहावयाची आहे ती त्यांच्या पाठवणीची तयारी.

मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपये वेतनावर कारकुनी करणाऱ्या रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना आपले सुप्रसिद्ध पत्र लिहिले. हार्डींनी त्यांना बोलावून घेण्याच्या दृष्टीने ताबडतोब हालचाल सुरू केली. लंडनच्या इंडिया ऑफिसमार्फत मद्रासमधील भारतीय विद्यार्थी सल्लागार समितीचे चिटणीस आर्थर डेव्हिस यांच्याकडे विचारणा झाली, डेव्हिस यांनी रामानुजन यांची भेट घेतली; आणि रामानुजन यांनी जाण्यास नकार दिला. समुद्रगमन हा त्या काळच्या सनातनी ब्राह्मण कुटुंबात बहिष्कारास पात्र ठरणारा अपराध होता, आणि आईची संमती नव्हती. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या नकाराने काम थांबले नाही. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांच्या शिफारशीवरून विद्यापीठाने त्यांना, हाती पदवी नसतानाही, १ मे १९१३ पासून दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल सादर करावयाचा, एवढीच अट होती. हे एक वर्ष रामानुजन यांनी मद्रासमध्येच काढले, आणि हार्डींशी पत्रव्यवहार चालू राहिला. परदेशगमन एक वर्ष लांबणीवर पडले म्हणून काही बिघडले असे दिसत नाही. आजच्या विद्यार्थ्याला वर्ष ‘वाया जाण्याची’ जी धास्ती वाटते, ती पुष्कळदा अनाठायी असते.

१९१४ च्या आरंभी ट्रिनिटी कॉलेजचे तरुण गणिती ई. एच. नेव्हिल व्याख्यानांसाठी मद्रासला आले. रामानुजन यांचे मन वळविण्याची कामगिरी हार्डींनी त्यांच्यावर सोपविली होती. नेव्हिल यांना आढळले की, रामानुजन आता जाण्यास तयार आहेत. आईला स्वप्नात नामक्कलच्या नामगिरी देवीचा आदेश झाला, असे यासंबंधी सांगितले जाते. शंका मात्र अनेक होत्या. खर्चाचे काय? इंग्रजी तोकडे पडले तर? शाकाहार सांभाळता येईल काय? आणि तेथे गेल्यावर पुन्हा परीक्षा द्याव्या लागतील काय? शेवटची शंका सर्वांत खोल होती. एफ. ए. च्या परीक्षेत अनुत्तीर्ण होऊन दोन कॉलेजे सोडावी लागलेल्या या माणसाला परीक्षेचे भय वाटणे स्वाभाविक होते. नेव्हिल यांनी चारही शंकांचे निरसन केले. परीक्षा नाहीत, इंग्रजी पुरेसे आहे, पैशाची चिंता नको, शाकाहाराचा मान राखला जाईल. यांपैकी पहिली तीन आश्वासने अक्षरशः खरी ठरली. चौथे देणाऱ्याने प्रामाणिकपणेच दिले होते. परंतु ते पाळणे कोणा एकाच्या हातात नव्हते.

त्यानंतर मद्रासमध्ये जी लगबग झाली ती थक्क करणारी आहे. नेव्हिल यांनी जानेवारीअखेरीस विद्यापीठाचे कुलसचिव ड्यूसबरी यांना पत्र लिहिले. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी सरकारदरबारी शब्द टाकला. आणि थोड्याच दिवसांत दोन वर्षांसाठी सालीना २५० पौंडांची शिष्यवृत्ती, प्रवासखर्च व कपड्यालत्त्याचा खर्च मंजूर झाला. त्या काळी एका पौंडाचे पंधरा रुपये होत. म्हणजे वर्षाला ९०० रुपये मिळविणाऱ्या माणसाला ३,७५० रुपये मिळाले. यांपैकी सुमारे ५० पौंड कुंभकोणम येथील कुटुंबाला हप्त्याहप्त्याने परस्पर मिळावेत, अशी व्यवस्था झाली. पुढे ट्रिनिटीने आणखी ६० पौंडांची भर घातली. या व्यवस्थेत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. घरच्या माणसांचा खर्च हा विद्यार्थ्याच्या खर्चाचाच भाग मानला गेला. ज्या घरातून मिळवता मुलगा जातो, त्या घराची सोय आधी लावली नाही तर दर पत्रातून चिंता येत राहते, हे ज्या कोणाला उमगले होते तो व्यवहार जाणणारा माणूस असला पाहिजे.

आज पौंड-डॉलरचे भाव स्थिर नाहीत. त्यामुळे चेन्नईच्या किंवा पुण्याच्या विद्यार्थ्याने अंदाजपत्रक रुपयांत न करता ज्या देशात राहावयाचे तेथील चलनात करावे, आणि रुपया घसरेल असे धरून वर काही रक्कम राखून ठेवावी. ब्रिटनच्या विद्यार्थी-व्हिसासाठी शिक्षणशुल्काखेरीज नऊ महिन्यांपर्यंतच्या राहणीखर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असल्याचा पुरावा मागतात. ही अट पुष्कळांना जाचक वाटते. वास्तविक आपल्याजवळ खरोखर किती पैसा आहे हे विद्यार्थ्याला निघण्यापूर्वी कळावे, एवढा उपयोग तरी तिचा आहेच.

शिष्यवृत्तीची मुदत व अभ्यासाची मुदत यांचा मेळ हाही पाहिला पाहिजे. मराठी वाचकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण ठाऊक आहे. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला. तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि परतल्यावर दहा वर्षांची नोकरी, असे त्याचे स्वरूप होते. कोलंबिया विद्यापीठातील काम झाले, लंडनचे सुरू झाले, तोच मुदत संपली व १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून आधीच मिळवून ठेवली होती. प्राध्यापकीतून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्‌सी. झाले. हाती असलेल्या त्या परवानगीच्या कागदाचे महत्त्व शिष्यवृत्तीहून कमी मानता येणार नाही.

पुन्हा रामानुजन यांच्याकडे वळू. निघण्यापूर्वी आईला व पत्नीला कुंभकोणमला पाठवून देण्यात आले. शेंडी कापली गेली. प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक लिटलहेल्स यांनी विलायती कपड्यांची व्यवस्था केली. काट्याचमच्याने जेवण्याचा सरावही झाला. १७ मार्च १९१४ रोजी ‘नेवासा’ ही आगबोट मद्रासहून निघाली व १४ एप्रिलला लंडनला पोहोचली. उतरून घेण्यास नेव्हिल स्वतः हजर होते, आणि आरंभीचे आठवडे रामानुजन यांनी त्यांच्याच घरी काढले. याहून चांगले स्वागत कोणत्या विद्यार्थ्याचे झाले असेल? कोणी उतरून घेणारे असणे व पहिले काही दिवस कोणाच्या घरी छप्पर मिळणे, हे आजही अर्ध्या तयारीच्या तोलाचे आहे.

जूनमध्ये रामानुजन कॉलेजच्या खोलीत राहावयास गेले, आणि पाठवणी करणाऱ्यांनी जे योजले नव्हते ते येथून दिसू लागते. प्रशांतचंद्र महालनोबिस तेव्हा केंब्रिजमध्येच शिकत होते. थंडीच्या दिवसांत ते रामानुजन यांच्याकडे गेले असता त्यांना कळले की, रामानुजन रात्री कोट घालून, शाल पांघरून, पलंगावर पसरलेल्या ब्लँकेटांच्या वर झोपतात व कुडकुडतात. ब्लँकेटे गादीखाली घट्ट खोचून ठेवलेली असत. ती सैल करून त्यांच्या आत शिरावयाचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. महालनोबिस यांनी अंथरूण उलगडून दाखविले. ज्या मनुष्यासाठी दोन खंडांतील विद्वान झटले, त्याला बिछान्यात कसे शिरावे हे सांगण्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. अर्थात दोष कोणाचाच नाही. जे आपल्याला रोजचे असते ते दुसऱ्याला माहीत नसेल, अशी कल्पनाच मनुष्याला येत नाही. म्हणूनच निघण्यापूर्वी अशा विद्यार्थ्याला गाठावे, जो एक हिवाळा तेथे काढून आला आहे, आणि त्याला विद्यापीठाच्या मानांकनाविषयी न विचारता अंथरूण, पाणी, कपडे धुणे व औषधाचे दुकान यांविषयी विचारावे.

आहाराचा प्रश्न याहून कठीण निघाला. हार्डी लिहितात की, केंब्रिजमधील सर्व काळ रामानुजन आपले अन्न स्वतःच शिजवीत, आणि कपडे बदलल्याखेरीज ते कधीही स्वयंपाकाला लागत नसत. (सोवळ्याची कल्पना असणाऱ्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही.) ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले, भाजीपाला व फळे दुर्मिळ होत गेली. येथे केवळ पोषणाचा प्रश्न नव्हता. ट्रिनिटीच्या भोजनगृहात रोज संध्याकाळी एकत्र जेवण होई. ओळखी होत त्या तेथे, कोणी आजारी दिसला तर लक्षात येई तेही तेथे. जो आपल्या खोलीत एकटाच जेवतो, त्याची प्रकृती ढासळत आहे हे पाहणारे कोणी नसते. आपले अन्न सोडावे असे येथे सुचवावयाचे नाही. स्वयंपाक येत असणे ही उत्तमच गोष्ट आहे. मात्र जो आपली चूल निराळी मांडतो, त्याने आठवड्यातून एक-दोनदा तरी चारचौघांत बसण्याची सोय मुद्दाम लावून घ्यावी.

१९१७ च्या वसंतात रामानुजन आजारी पडले. पुढची दोन वर्षे एका आरोग्यधामातून दुसऱ्यात जाण्यात गेली. क्षयाचे निदान झाले होते. परंतु १९९४ साली डॉ. डी. ए. बी. यंग यांनी उपलब्ध नोंदी तपासून असे मत मांडले की, हा आजार यकृताचा अमीबाजन्य विकार असावा, आणि त्याचे मूळ १९०६ साली मद्रासमध्ये झालेल्या अतिसारात असावे. हे मत अंतिम म्हणता येत नाही. ते बरोबर असेल तर मात्र त्यातून एक कठोर गोष्ट निघते. विकार घरूनच बरोबर गेला होता, आणि तेथील वैद्यांपुढे रुग्णाचा पूर्वेतिहास नीट मांडला गेला नव्हता. आज व्हिसासाठी काही देश छातीचे क्ष-किरण छायाचित्र मागतात, ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेचे शुल्क अर्जाबरोबरच भरून घेतात. तेवढ्यावर न थांबता लहानपणापासूनचे मोठे आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधांची रासायनिक नावे व दातांची स्थिती यांचे एक टिपण आपल्या डॉक्टरकडून इंग्रजीत लिहून घ्यावे. पदवीच्या गुणपत्रिकेच्या जितक्या प्रती आपण काढतो, तितक्या याच्याही काढाव्यात.

मद्रासहून ट्रिनिटीला गेलेला दुसरा थोर विद्यार्थी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. ३१ जुलै १९३० रोजी ते मुंबईहून बोटीत बसले तेव्हा त्यांचे वय एकोणीस होते. त्यांची तयारी पाहिली की शांततेचा काळ व सुशिक्षित घर यांचा लाभ तर दिसतोच, परंतु आणखीही काही दिसते. १९२८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ झोमरफेल्ट मद्रासला आले असता प्रेसिडेन्सी कॉलेजचा हा विद्यार्थी त्यांना हॉटेलात जाऊन भेटला. त्यांचे पुस्तक आपण वाचले आहे असे त्याने सांगितल्यावर त्याला उत्तर मिळाले ते हे की, त्या पुस्तकानंतर पदार्थविज्ञान बदलून गेले आहे. झोमरफेल्टनी आपल्या नव्या लेखाची मुद्रिते त्याला दिली. त्यांच्या आधारे चंद्रशेखरांनी जो निबंध लिहिला तो केंब्रिजच्या आर. एच. फाउलर यांच्याकडे धाडला, आणि पुढे फाउलर हेच त्यांचे मार्गदर्शक झाले. ज्याच्या हाताखाली काम करावयाचे त्याच्याशी कामाच्या निमित्ताने आधीच ओळख झालेली होती. रामानुजन यांच्या बाबतीतही हेच घडले होते. शहर किंवा विद्यापीठाचे नाव पाहून अर्ज करणे आणि एका शिक्षकाचे काम वाचून त्याला पत्र लिहिणे, यांत अर्जाचा खर्च सारखाच येतो. चंद्रशेखर निघाले तेव्हा त्यांची आई आजारी होती. पुढच्याच वर्षी ती वारली. घरी कोणी आजारी असताना जावे की न जावे, याचा नियम सांगता येत नाही. तो निर्णय निघण्यापूर्वी घरच्यांशी मोकळेपणाने बोलून झालेला असावा, इतके मात्र म्हणता येईल. रामानुजन यांच्या घरी सासू-सुनेच्या बेबनावात पत्रे एकमेकांपर्यंत पोहोचेनाशी झाली होती, आणि आजारपणाच्या काळात त्यांच्याकडून घरी जाणारी पत्रेही विरळ होत गेली.

१९१८ साली रामानुजन रॉयल सोसायटीचे व ट्रिनिटीचे फेलो झाले. मद्रास विद्यापीठाने त्यांना पुढील पाच वर्षे सालीना २५० पौंड देण्याचे ठरविले. ही बातमी कळल्यावर जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी कुलसचिव ड्यूसबरी यांना लिहिले की, ही रक्कम आपल्या गरजेहून अधिक आहे. इंग्लंडमधील खर्च भागल्यावर आईवडिलांना सालीना ५० पौंड द्यावेत आणि आपला आवश्यक खर्च वजा जाता उरेल ते गरीब व अनाथ मुलांची फी आणि पुस्तके यांसाठी वापरावे. २७ मार्चला ते मुंबईला उतरले, तेथून मद्रासला गेले. २६ एप्रिल १९२० रोजी चेतपेट येथे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.