सकस आहार : परदेशी क्विनोआ आणि आपली नाचणी

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील दुकानांत क्विनोआ या नावाचे बारीक, फिकट दाणे आता पाकिटांतून मिळू लागले आहेत. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत, विशेषतः पेरू व बोलिव्हिया या देशांत, हे पीक हजारो वर्षे घेतले जात आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ हे वर्ष क्विनोआचे, तर भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले.

क्विनोआ हे खरे तृणधान्य नव्हे. आपल्या परिचयाच्या चाकवताच्या ते अगदी जवळच्या नात्यातील असून राजगिराही त्याच कुळातील होय.

पोषणमूल्ये

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम क्विनोआत सुमारे १३ ग्रॅम प्रथिने असतात. राजगिऱ्यात ती जवळजवळ तितकीच, तांदळात सुमारे ८ ग्रॅम व नाचणीत सुमारे ७ ग्रॅम आढळतात. लोहातही क्विनोआ व राजगिरा नाचणीहून सरस आहेत. मात्र हाडे व दात यांना आवश्यक असणारे कॅल्शियम नाचणीत ३५० मिलिग्रॅमहून अधिक, क्विनोआत सुमारे २०० आणि सडलेल्या तांदळात १० मिलिग्रॅमहूनही कमी असते. नाचणीच्या भाकरीला डाळीची जोड दिल्यास प्रथिनांची उणीव भरून निघते.

स्वयंपाकातील उपयोग

क्विनोआच्या दाण्यांवर कडवट द्रव्य असल्याने ते चोळून धुवावेत. दुप्पट पाण्यात सुमारे पंधरा मिनिटांत ते शिजतात. त्यांचा उपमा किंवा खिचडी करता येते. नाचणीची भाकरी, आंबील, लाडू व पापड घरोघरी ठाऊक आहेत. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत व वाळवून, मंद भाजून दळावी. या पिठाची लापशी पचनास हलकी असून सहा महिन्यांवरील बालकांना वरचा आहार म्हणून देता येते. जेवणात लिंबू असल्यास धान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते.

उत्पादकाचे ताट

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील डोंगरउतारांच्या वरकस जमिनीवर नाचणी व वरी ही पिके घेतली जातात. राब भाजणे, लावणी, कणसांची खुडणी व मळणी या कष्टांच्या मानाने मोबदला अल्प असल्याने राज्यातील नाचणीचे क्षेत्र अनेक दशके घटत आले आहे. शहरांतून मागणी वाढल्यास शेतकऱ्यास आधार मिळेल, यात संशय नाही. परंतु सारी नाचणी बाजारात जाऊन तिला पिकविणाऱ्या घरातील गर्भवती माता व बालके केवळ भातावर राहिली, तर तो लाभ अपुराच ठरेल. पहिला वाटा घरच्या ताटात राहील, हे पाहिले पाहिजे.

ग्रामसभेत हा विषय मांडणे, अंगणवाडीत मोड आणण्याची कृती दाखविणे आणि शाळेत स्थानिक धान्यांची ओळख करून देणे, ही कामे फारशा खर्चाविना होण्यासारखी आहेत. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी त्यासाठी पुढाकार घ्यावा. शहरी कुटुंबांनीही क्विनोआ अवश्य चाखावा; पण नाचणी, राजगिरा व चाकवत यांना आपल्या स्वयंपाकघरात मानाचे स्थान असू द्यावे.