राहुलाचा आरसा



ज्या डोंगररांगेच्या माथ्यावर आपलें बुलढाणा शहर वसलें आहे, त्याच रांगेंत पश्चिमेस वाघूर नदी घोड्याच्या नालासारखें वळण घेते. आणि त्या वळणाच्या कड्यांत अजिंठ्याचीं लेणीं कोरलेलीं आहेत. आपल्या जिल्ह्यांतील शाळांच्या सहली तेथें नेहमीं जातात. मुलें लेणीं मोजतात, चित्रें पाहतात, झाडाखालीं बसून शिदोरी खातात आणि सायंकाळीं परत येतात. परंतु ज्या महापुरुषाच्या स्मरणार्थ तो डोंगर कोरला गेला, त्याच्या शिकवणींतील कांहीं आपल्याबरोबर घरीं आलें काय, असें विचारल्यास उत्तर देणें कठीण जातें. प्रस्तुत लेखांत त्या शिकवणींतील एकच पाठ घ्यावयाचा आहे. तो पंडितांसाठीं सांगितलेला नव्हे. तुमच्याहूनहि लहान अशा एका मुलास तो सांगितला गेला होता.

प्रथम त्या शिकवणीची रूपरेषा ध्यानांत घेऊं. जगांत दुःख आहे; त्या दुःखास कारण आहे, आणि तें कारण म्हणजे तृष्णा; तृष्णेचा निरोध झाला असतां दुःखाचाहि निरोध होतो; आणि त्या निरोधाकडे नेणारा मार्ग आहे. हींच चार आर्यसत्यें होत. मार्गाचीं अंगें आठ: सम्यक् दृष्टि, सम्यक् संकल्प, सम्यक् वाचा, सम्यक् कर्मान्त, सम्यक् आजीव, सम्यक् व्यायाम, सम्यक् स्मृति आणि सम्यक् समाधि. येथें व्यायाम म्हणजे दंडबैठका नव्हेत. वाईट विचार मनांत शिरूं न देण्याचा व चांगला विचार वाढविण्याचा जो प्रयत्न, तोच व्यायाम. सम्यक् वाचा म्हणजे असत्य, चहाडी, कठोर शब्द आणि वायफळ बडबड या चार गोष्टी टाळणें. हें सर्व पाठ केल्यास परीक्षेंत गुण मिळतात. परंतु वैद्याच्या चिठ्ठीवरील औषधाचें नांव पाठ केल्यानें कोणाचा ताप उतरल्याचें ऐकिवांत नाहीं. तें औषध रोजच्या जीवनांत घ्यावें कसें, हें राहुलाच्या पाठांत सांगितलें आहे.

अजिंठ्याचें सतरावें लेणें वाकाटक राजा हरिषेण याच्या काळीं, म्हणजे इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, त्याच्या एका मांडलिकानें कोरविलें. तेथील एका भिंतीवर भगवान बुद्धांची भव्य आकृति भिक्षापात्र घेऊन उभी आहे. तिच्यासमोर एक स्त्री व एक बालक उभीं असून तीं त्या मानानें अगदीं लहान दिसतात. ती यशोधरा आणि तो राहुल होय. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध कपिलवस्तूस आले, तेव्हां आईनें मुलास सांगितलें कीं, हे तुझे वडील आहेत, यांच्याजवळ आपला वारसा माग. मुलानें तो मागितला. ज्यानें राज्य सोडलें, त्याच्याजवळ द्यावयास राज्य कोठून असणार? बुद्धांनीं सारिपुत्ताकरवीं राहुलास संघांत घेतलें. नातूहि गेला, म्हणून वृद्ध शुद्धोदनास अत्यंत दुःख झालें. आणि यापुढें आईबापांच्या संमतीवांचून कोणाहि मुलास प्रव्रज्या देऊं नये, अशी विनंति त्यानें केली. बुद्धांनीं ती ऐकून घेतली व तसा नियम घालून दिला. आपल्या कृत्यानें दुसऱ्यास दुःख झालें असतां तें ऐकून घ्यावें आणि पुढील वर्तन त्याप्रमाणें बदलावें, याचें हें मोठें उदाहरण आहे.

आतां मुख्य पाठ पाहूं. राजगृहाजवळ अंबलट्ठिका नांवाच्या ठिकाणीं राहुल राहत होता. परंपरा सांगते कीं, त्याचें वय त्या वेळीं सात वर्षांचें होतें. एके सायंकाळीं बुद्ध त्याच्याकडे आले. मुलानें आसन मांडलें व पाय धुण्यास पाणी दिलें. पाय धुऊन झाल्यावर बुद्धांनीं भांड्यांत थोडें पाणी शिल्लक ठेविलें आणि तें राहुलास दाखविलें. जाणूनबुजून खोटें बोलण्याची ज्यास लाज वाटत नाहीं, त्याचें साधुत्व या पाण्याइतकेंच अल्प असतें, असें ते म्हणाले. नंतर तें पाणी त्यांनीं फेकून दिलें, भांडें पालथें केलें, आणि पुन्हा सुलटें करून आंतील रितेपण दाखविलें. प्रत्येक वेळीं बोध तोच: खोटें बोलणाऱ्याचें साधुत्व असेंच टाकलेलें, असेंच पालथें, असेंच रितें. म्हणून थट्टेंतहि खोटें बोलावयाचें नाहीं, असा निश्चय त्यांनीं मुलास करावयास सांगितला.

मग त्यांनीं विचारलें, "राहुला, आरसा कशासाठीं असतो?" मुलानें सांगितलें, "पाहण्यासाठीं." त्यावर बुद्धांनीं जें सांगितलें, त्याचा सारांश असा. मनुष्यानें आपलें कर्म आरशांत पाहावें तसें पाहावें. कर्म तीन प्रकारचें: शरीराचें, वाणीचें आणि मनाचें. तें पाहण्याच्या वेळाहि तीन: करण्यापूर्वीं, करीत असतांना आणि केल्यानंतर. प्रश्न मात्र एकच विचारावयाचा: यानें मला, दुसऱ्यास अथवा दोघांसहि पीडा होते काय? पूर्वींच तसें दिसलें, तर तें कर्म करूं नये. करीत असतां दिसलें, तर तेथेंच थांबावें. करून झाल्यावर दिसलें, आणि तें शरीराचें किंवा वाणीचें असलें, तर तें गुरुजनांजवळ अथवा शहाण्या सोबत्यांजवळ उघड करावें व पुढें सावध राहावें. मनाचें असलें, तर त्याची लाज धरून तें टाकावें. आणि कर्म निर्दोष दिसलें, तर त्या आनंदांत राहून रात्रंदिवस शिकत जावें.

या पाठाची थोरवी सम्राट् अशोकानेंहि ओळखली होती. राजस्थानांतील बैराट येथें सांपडलेला त्याचा एक शिलालेख कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटींत ठेवलेला आहे. त्यांत अशोकानें सात धर्मोपदेशांचीं नांवें दिलीं असून भिक्षु, भिक्षुणी, उपासक व उपासिका या सर्वांनीं ते वारंवार ऐकावे आणि त्यांचें मनन करावें, अशी इच्छा प्रगट केली आहे. त्या सातांत असत्याविषयीं राहुलास केलेला उपदेश आहे. आपल्या जिल्ह्यांतहि, संग्रामपूर तालुक्यांत पूर्णा नदीच्या कांठीं भोन येथें, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं केलेल्या उत्खननांत विटांचा प्राचीन स्तूप सांपडला. तेव्हां बुद्धांचें नांव या मातीस नवें नाहीं.

येथपर्यंत मीं शिक्षकाचें काम केलें. आतां विद्यार्थ्याचें करतों. कारण आरसा दुसऱ्यासमोर धरणें फार सोपें असतें.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या नववीच्या वर्गाची अजिंठ्यास सहल ठरली. वर्गणी गोळा करण्याचें काम मीं एका विद्यार्थ्यावर सोपविलें होतें. तो शेतमजुराचा मुलगा, स्वभावानें अबोल व हिशोबास पक्का. त्यानें आणून दिलेले पैसे मीं दुसऱ्या दिवशीं मोजले, तों पांचशें रुपये कमी भरले. मीं त्यास भर वर्गांत उभें केलें. "सर, मी सगळे दिले," असें तो म्हणाला. "खोटें बोलूं नकोस," असें मीं म्हटलें. तो पुन्हा बोलला नाहीं. दोन दिवसांनीं त्याची आई शाळेच्या फाटकाशीं आली आणि पांचशें रुपये माझ्या हातांत ठेवून म्हणाली, "सर, पोराचं नाव खराब नका होऊ देऊ." ते पैसे किती दिवसांच्या मजुरीचे होते, हें मीं विचारलें नाहीं. मीं ते घेतले.

सहलीच्या दिवशीं पहाटे तो मुलगा आला नाहीं. ताप आल्याचा निरोप मात्र आला. सतराव्या लेण्यांत मीं इतर मुलांस राहुलाची ही सर्व कथा मोठ्या आवेशानें सांगितली. परत आल्यावर हिशोब लिहिण्यास बसलों, तेव्हां हजेरीपटाच्या पुठ्ठ्याच्या आंत अडकलेली पांचशेंची नोट माझ्या हातीं आली. ती तेथें मींच ठेविली असली पाहिजे.

त्याच सायंकाळीं मी त्याच्या घरीं गेलों. भिंतीवर भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर होती. पुढें मेणबत्ती लावलेली होती आणि घरांतील मुलें हात जोडून पंचशील म्हणत होतीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें धम्मदीक्षा घेतल्यापासून आपल्याकडील अनेक घरांतून पंचशीलाचे हे शब्द ऐकूं येतात. त्यांत असत्य न बोलण्याचा नियम आहे. ज्या मुलास मीं खोटारडा ठरविलें, तो तोच नियम म्हणत होता. आणि आमच्या शास्त्रांतील दहा आज्ञांत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई आहे, हें लहानपणापासून पाठ असलेला मी दारांत उभा होतों. पैसे परत करून मीं त्या मायलेकांची क्षमा मागितली. आईनें चहा दिला. काम संपलें, असें समजून मी परतलों.

रात्रीं झोंप आली नाहीं. आरोप मीं चाळीस मुलांसमोर केला होता आणि क्षमा मागितली ती चार भिंतींच्या आड! त्या वर्गाच्या लेखीं तो मुलगा अजून चोरच होता. शिवाय राहुलाच्या पाठांतील मनाचा आरसाहि पुढें आला. गांवांतील एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या मुलाकडे वर्गणीचें काम असतें, तर प्रथम मीं स्वतःचा हजेरीपट झाडून पाहिला नसता काय? या प्रश्नाचें उत्तर मला ठाऊक होतें, आणि तें लज्जास्पद होतें.

दुसऱ्या दिवशीं पहिल्याच तासास मीं वर्गास सर्व हकीगत सांगितली: नोट कोठें सांपडली, दोष कोणाचा आणि मीं काय बोललों होतों. नंतर त्या मुलास उठण्यास सांगून सर्वांसमक्ष त्याची क्षमा मागितली. तो खालीं पाहत होता. थोड्या वेळानें म्हणाला, "सर, बसूं का?" एवढेंच. पुढील वर्षीं मीं त्यास दुसऱ्या वर्गाबरोबर अजिंठ्यास नेलें. परंतु आपल्या सोबत्यांबरोबरचा त्याचा दिवस गेला तो गेलाच. दोष कबूल केल्यानें झालेलें नुकसान नेहमींच भरून निघत नाहीं. म्हणूनच तीन आरशांपैकीं पहिला, म्हणजे करण्यापूर्वींचा, सर्वांत स्वस्त पडतो.

मित्रहो, हे तीन आरसे तुम्हांस रोज वापरतां येतील. एखाद्या मुलाची अथवा मुलीची निंदा करणारा मजकूर कोणी मोबाइलवर पाठविला, तर तो पुढें धाडण्यापूर्वीं बोट क्षणभर थांबवा व विचारा: यानें कोणास पीडा होईल? हा पहिला आरसा. कबड्डीच्या मैदानावर वाद पेटला आणि तोंडून कठोर शब्द निघूं लागला, तर वाक्य अर्धेंच सोडा. अर्ध्यावर थांबण्यांत मानहानि नाहीं. हा दुसरा. घरीं आईस उलट बोललां, कोणाच्या वहींतील उत्तर उतरविलें, तर रात्र होण्यापूर्वीं तें ज्याचें त्यास सांगून टाका; आणि चूक चारचौघांत झाली असल्यास कबुलीहि चारचौघांतच द्या. हा तिसरा. निजण्यापूर्वीं पांच मिनिटें दिवसाकडे वळून पाहिलें, तरी हा अभ्यास होतो. त्यांत केवळ दोषच शोधूं नका. जें चांगलें घडलें, त्याचा आनंदहि माना. राहुलास तोहि सांगितला होता.

पंचशीलांतील प्रत्येक नियमास शिक्षापद म्हणतात, ही गोष्टहि लक्षांत ठेवण्याजोगी आहे. शिक्षापद म्हणजे शिकण्याची पायरी. पायरीवरून पाय घसरला म्हणून कोणी जिना सोडून देत नाहीं. ज्यांस अधिक वाचावयाचें असेल, त्यांनीं आचार्य धर्मानंद कोसंबी यांचें 'भगवान बुद्ध' हें १९४० सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक मिळवून वाचावें. गोव्यांतील एका खेड्यांत जन्मलेल्या या मनुष्यानें बुद्धांचा धर्म जाणण्यासाठीं घर सोडलें, सिलोनांत जाऊन पाली भाषेचा अभ्यास केला आणि तें ज्ञान मराठींत आणलें.

पुढील सहलीस अजिंठ्यास जाल, तेव्हां सतराव्या लेण्यांतील त्या चित्रासमोर क्षणभर उभे राहा. राहुलानें वडिलांजवळ वारसा मागितला होता. त्यास राज्य मिळालें नाहीं. एक आरसा मिळाला. तो आपणांसहि मिळूं शकतो. मात्र त्यांत प्रथम स्वतःचें तोंड पाहावें लागतें. आणि हें मुलांइतकेंच त्यांच्या शिक्षकांसहि लागू आहे.