फाशांवर वसणारे नगर

फासा हे खेळाचे साधन फार प्राचीन आहे. सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत फासे सापडले आहेत, आणि द्यूतात राज्य हरल्याची महाभारतातील कथा तर घरोघरी ठाऊक आहे. सापशिडीच्या पटावर आजही फाशाचे राज्य निर्वेध चालते. जितके दान पडेल तितकी घरे सोंगटी सरकते; पुढे शिडी मिळो वा साप डसो, खेळणाराच्या बुद्धीला तेथे काहीच काम नसते. लहानगी नात आजोबांना सहज हरवते ती यामुळेच.

जपानमधील मासाओ सुगानुमा यांनी रचलेला ‘माची कोरो’ हा खेळ २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातही फासा आहे. परंतु त्याचे राज्य तेथे निम्मेच चालते. जपानी भाषेत ‘माची’ म्हणजे नगर, आणि फाशाला ‘साइकोरो’ म्हणतात. पत्ते आणि फासे यांच्या साहाय्याने नगर वसवायचे, असा हा खेळ आहे. लवकरच तो अन्य देशांतही पोहोचला, आणि २०१५ साली जर्मनीतील ‘श्पील देस यारेस’ या खेळांच्या मानाच्या पारितोषिकासाठी निवडलेल्या अखेरच्या तीन खेळांत त्याची गणना झाली. दोन ते चार जणांना तो खेळता येतो, आणि साधारणपणे अर्ध्या तासात संपतो.

आरंभी प्रत्येक खेळाडूचे नगर म्हणजे एक खेडेच असते. गव्हाचे एक शेत, एक बेकरी आणि गाठीला तीन नाणी, एवढीच त्याची संपत्ती. समोर चार मोठ्या वास्तूंचे पत्ते असतात. पण त्या वास्तू अद्याप बांधायच्या असतात. रेल्वे स्थानकाला ४ नाणी पडतात, बाजारगृहाला १०, मनोरंजन उद्यानाला १६ आणि रेडिओच्या मनोऱ्याला २२. या चारही वास्तू जो प्रथम उभारील, तो जिंकला.

उत्पन्नाच्या प्रत्येक पत्त्यावर एक किंवा दोन आकडे असतात. आपली पाळी आली की फासा टाकायचा. जे दान पडेल त्या आकड्याच्या पत्त्यांना उत्पन्न मिळते, आणि त्या पैशांतून एकच नवे बांधकाम करता येते. मात्र सर्व पत्त्यांचा स्वभाव सारखा नाही. निळे पत्ते म्हणजे शेत, गोठा, जंगल, खाण, सफरचंदाची बाग. दान कोणाचेही असो, यांचे उत्पन्न मालकाला मिळते. शेजाऱ्याच्या दानावरही आपले पीक पिकते. हिरवे पत्ते, म्हणजे दुकाने आणि कारखाने, केवळ मालकाच्या स्वतःच्या पाळीत फळ देतात. तांबड्या पत्त्यांची गंमत निराळीच. ती उपाहारगृहे आहेत, आणि दुसऱ्याने दान टाकले की त्याच्याच खिशातून पैसे घेतात. हे देणे आधी चुकते करावे लागते, स्वतःचे उत्पन्न त्यानंतर. ज्याच्याजवळ एकही नाणे नाही त्याला मात्र काही द्यावे लागत नाही. या नगरांत गरिबाच्या नावावर कर्ज चढत नाही, ही रचनाकाराची दयाबुद्धीच म्हटली पाहिजे. जांभळे पत्ते थोडेच आहेत, पण ते प्रबळ आहेत.

खरा विचार सुरू होतो तो रेल्वे स्थानकापाशी. ते बांधेपर्यंत खेळाडूला एकच फासा टाकता येतो, आणि एका फाशावर सातपासून बारापर्यंतचे आकडे पडणे अशक्य. स्थानक झाले की एक किंवा दोन फासे टाकण्याची मुभा मिळते. परंतु दोन फासे टाकले की एकाचे दान कधीच पडत नाही. ज्याने पुष्कळ गव्हाची शेते घेतली असतील, त्यांचा आकडा एकच असल्यामुळे, त्याने आपल्याच हाताने आपले शिवार ओसाड पाडले असे होते. शिवाय सर्व बेरजा सारख्या सुलभ नसतात. दोन फासे ३६ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी २ ही बेरीज एकाच प्रकारे येते, ९ चार प्रकारे आणि ७ सहा प्रकारे. १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४, व त्यांच्या उलट जोड्या. सातहून सुलभ बेरीज दुसरी नाही.

चीजच्या कारखान्याचा आकडा नेमका सात आहे. त्याची किंमत ५ नाणी. आणि आपल्या नगरात जितके गोठे असतील, त्या प्रत्येकामागे हा कारखाना ३ नाणी देतो. एखाद्या मुलीने तीन गोठे आणि दोन कारखाने घेतले, असे समजू. गोठा एका नाण्याला मिळतो, म्हणजे तिला एकूण १३ नाणी खर्च आला. आता तिच्या पाळीत सात पडले, की प्रत्येक कारखान्याचे ९ याप्रमाणे १८ नाणी एकदम हाती येतील. मनोरंजन उद्यान बांधून वर दोन उरतील! सारे घर तिच्या दानाकडे डोळे लावून बसते. परंतु कारखाना हिरवा पत्ता आहे. बाबांनी वा भावाने टाकलेले सात तिच्या उपयोगाचे नाही. आणि सहांतून एकदा सात पडते, म्हणून सहा पाळ्यांत ते येईलच, असे समजणे चुकीचे आहे. गणिताने पाहता, दोन फासे सहा वेळा टाकूनही सात एकदाही न येण्याचा संभव सुमारे एक तृतीयांश असतो. इतका वेळ वाट पाहणाऱ्या त्या मुलीचे जंगल आणि खाण नसेल, तर तिचे नगर उपाशीच राहते. तिचा भाऊ मात्र ६ नाण्यांची खाण घेऊन स्वस्थ बसलेला असतो. नवाचे दान कोणीही टाको, त्याला ५ नाणी मिळतात. त्याने स्वतः स्थानक बांधलेले नसले तरीसुद्धा!

मग पैसे साठवून ठेवावेत काय? तेही निर्धोक नाही. दूरचित्रवाणी केंद्राच्या मालकाने सहाचे दान टाकले की तो कोणाही एकाकडून ५ नाणी घेतो, आणि साहजिकच त्याची दृष्टी सर्वांत मोठ्या ढिगाकडे वळते. बांधून झालेली मोठी वास्तू मात्र कोणालाही हिरावून घेता येत नाही. २२ नाण्यांच्या मनोऱ्यासाठी २० जमवून बसलेल्याला प्रत्येक फेरीत हा प्रश्न छळतो: थांबावे, की लहानसे काही बांधून टाकावे? मनोरा उभा राहिला तर पाळीत एकदा नको असलेले दान पुन्हा टाकण्याची सवलत मिळते, म्हणून मोहही मोठा असतो.

चौथी वास्तू पुरी होताच खेळ त्या क्षणी थांबतो. उरलेल्यांच्या हाती किती नाणी आहेत, हे कोणी मोजत नाही.