वाळू आणि धूळ : नेगेवमधील दुकानदारांसाठी एक पाठ



बेर शेवा, दिमोना, येरुहाम या गावी आपल्यातील कितीतरी कुटुंबे स्थायिक झाली. कोणाचे किराण्याचे दुकान आहे, कोणाचे शिवणकामाचे, तर कोणी दुसऱ्याच्या दुकानात नोकरीस आहे. शरावचे दिवस आले की सर्वांची तक्रार एकच : "सकाळी पुसले, दुपारी पुन्हा तेच!" म्हणून या वेळी आम्ही धुळीचाच पाठ घेत आहोत.

आपण मूळची कोकणातली माणसे. रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यात वर्षाला २००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. तेथे मालाचे शत्रू म्हणजे ओल आणि बुरशी. त्यांवर उपाय म्हणजे दारे-खिडक्या उघडून वारा खेळता ठेवणे. बेर शेवाचा पाऊस २०० मि.मी.च्या आसपास. येथे तोच वारा शत्रूला हात धरून आत आणतो. तेव्हा जुनी सवय तपासून घेणे भाग आहे.

वाळू निराळी, धूळ निराळी

पहिली गोष्ट ही की आपले शत्रू दोन आहेत. राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या इंग्रज लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात वाळूचा अभ्यास करून १९४१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वाळूचा कण वाऱ्याने उडतो तो टुणटुण उड्या मारीत, हे त्याने दाखवून दिले. बहुतेक वाळू जमिनीपासून एक मीटरच्या आतच धावते. ती दुकानात येते ती दाराच्या फटीखालून आणि गिऱ्हाइकांच्या पायांनी.

धुळीचे तसे नाही. उत्तर नेगेवची पिवळसर माती, जिला लोएस म्हणतात, ती वाऱ्यानेच हजारो वर्षे आणून टाकलेली बारीक माती आहे. ती हवेत मिसळून हवेबरोबर जाते. सप्टेंबर २०१५ मध्ये सीरिया-इराककडून आलेल्या धुळीने हा देश कित्येक दिवस झाकून टाकला होता.

आता थोडे गणित करू. दुकानाची उंची तीन मीटर धरा व हवा स्तब्ध आहे असे समजा. वाळूचा जाडसर कण छतापासून जमिनीवर दोन-तीन सेकंदांत पडेल. १० मायक्रॉनचा धुळीचा कण (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सुमारे सहा मिनिटे घेईल. २ मायक्रॉनचा कण मात्र अडीच तास तरंगत राहील. वादळ थांबताच पुसायला घेतलेले कपाट संध्याकाळी पुन्हा धुळकट का दिसते, याचे उत्तर येथे आहे.

वाळूला दारात अडवा

दाराच्या खालच्या फटीला रबराची किंवा ब्रशाची पट्टी लावावी. दाराबाहेर खरखरीत पायपुसणे व आत जाड कापडी पायपुसणे हवे, आणि तेही प्रत्येक पाऊल दोन-तीनदा पडेल इतके लांब. हातभर तुकडा गिऱ्हाईक सहज ओलांडून जाते. जागा असेल तर एकामागे एक दोन दारे उत्तम. एक मिटल्यावरच दुसरे उघडावे. दारावर हवेचा पडदा सोडणारे यंत्र असेल, तर त्याचा झोत जमिनीपर्यंत पोचतो की नाही हे हात धरून पाहावे. गुडघ्यापाशीच विरत असेल, तर खालची वाट मोकळीच राहिली.

धुळीला हवेत अडवा

येथे पाठातील मुख्य मुद्दा येतो. दुकानातून जितकी हवा बाहेर जाते, तितकीच कोठून तरी आत येते. मागच्या भिंतीतला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू केला, की प्रत्येक फट बाहेरची धूळ ओढू लागते. फटी कितीही पुसल्या तरी पंखा त्या पुन्हा भरतो. वादळात असा पंखा बंदच ठेवावा (मात्र गॅसची चूल पेटलेली असताना तो बंद करू नये, आधी चूल विझवावी).

भिंतीवरचा साधा मझगान आतलीच हवा फिरवून गार करतो. तो बाहेरची हवा आणत नाही, म्हणून धुळीला बाहेर रेटतही नाही. त्याची जाळी धुळीच्या दिवसांत दर आठवड्याला धुवावी. मोठ्या दुकानात वेगळ्या पंख्याने गाळलेली हवा आत सोडावी, आणि ती बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त असावी. मग फटींतून हवा बाहेर वाहते व धुळीची वाट उलटते. हवा घेण्याचे तोंड उंचावर, रस्त्यापासून दूर असावे. आधी जाड व मग बारीक गाळणी लावावी, नाहीतर बारीक गाळणी लवकर तुंबते.

झाडू नका, पुसा

कोरड्या झाडूने खाली बसलेली बारीक धूळ पुन्हा हवेत उठते. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर जातात, आणि ते पहिल्याने जातात ते झाडणाऱ्याच्याच. दुकान झाडणारे माणूस बहुधा आपल्याच घरातले असते, हे विसरू नये. आपल्या आज्या अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडत. त्यात शहाणपण होते. वादळ ओसरल्यावर दोन-तीन तास थांबावे, मग ओल्या फडक्याने वरून खाली पुसत यावे व शेवटी स्पोंजा करावा. काचेवर कोरडे फडके मुळीच घासू नये. वाळूतील गारेचे कण काचेहून कठीण असतात. ते ओरखडे पाडतात.

स्वाध्याय

वारा नसेल त्या दिवशी दुकानाचे दार बोटभर किलकिले करा आणि फटीपाशी पातळ कागदाची पट्टी धरा. पट्टी आत झुकते की बाहेर? मागचा पंखा बंद करून पुन्हा पाहा. पंखा चालू असतानाच पट्टी आत झुकत असेल, तर नवे फडके विकत घेण्याआधी त्या पंख्याची व्यवस्था करा.