ताईला सांगितलंस ते बरं केलंस

काल रात्री सगळी निजल्यावर तू फोन केलास आणि दबक्या आवाजात विचारलंस, "ताई, लिपोसक्शन करून घेऊ का गं? कुणाला सांगू नकोस हं." नाही सांगणार. पण आष्ट्यातून गुपचूप सांगलीच्या एसटीत बसायच्या आधी माझं नीट ऐकून घे. इतकी वर्षं मिरजेत सिस्टर म्हणून काढली, तेवढा हक्क मला आहे.

हे तुझ्या डोक्यात कुठून आलं तेही ठाऊक आहे मला. बाळाच्या उष्टावणाला कुणीतरी "अजून एक आहे वाटतं पोटात?" म्हणालं, तेव्हापासून तुझा पदर पोटावरून हलत नाही. त्या बाईचा मला अजून राग येतो. तुला नीटनेटकं दिसावंसं वाटतं यात लाजण्यासारखं काही नाही, ते आधी मनातून काढून टाक.

आता जरा उताणी झोप. गुडघे दुमडून घे, डोकं थोडं वर उचल आणि बेंबीच्या वर-खाली बोटं फिरवून बघ. मधोमध बोटं आत जातात? तिथं लांबट फुगवटा येतो? तसं असेल तर ती चरबी नाही. गरोदरपणात पोटाचे दोन बाजूंचे स्नायू एकमेकांपासून फाकतात आणि काहींचे मिटतच नाहीत. त्यावर लिपोसक्शनचा काही उपयोग नाही, कारण त्यात नळीनं चरबी ओढून घेतात, आणि नळीनं स्नायू शिवता येत नाहीत. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेला व्यायाम त्यासाठी आधी करायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर पोटाचं वेगळं, मोठं ऑपरेशन असतं.

चरबीही दोन तऱ्हांची असते. चिमटीत धरता येते ती कातडीखालची. दुसरी स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती बसते, तिनं पोट टणक आणि पुढं आलेलं दिसतं. नळी फक्त कातडीखालच्या चरबीपर्यंत पोचते. म्हणून हे वजन उतरवायचं ऑपरेशनच नाही, व्यायाम करूनही एखाद्या जागी हट्टानं राहिलेला गोळा कमी करून आकार नीट करायचं आहे. "आईला साखर आहे, मला नको व्हायला" असंही तू म्हणालीस. अमेरिकेत 2004 साली एक अभ्यास छापून आला. 15 लठ्ठ बायकांच्या अंगातून सरासरी 10 किलोच्या आसपास चरबी काढली होती. अडीच-तीन महिन्यांनी तपासलं, तर इन्शुलिनचं काम आणि रक्तदाब दोन्ही होतं तिथंच. साखर टाळायची असेल तर चालणं आणि ताटाकडं लक्ष देणं, दुसरा रस्ता मला माहीत नाही.

करतात कसं, ते सांगते. सलाइनमध्ये बधिर करणारं औषध आणि ॲड्रेनालिन मिसळून ते कातडीखाली भरतात. त्यानं रक्तस्राव कमी होतो. मग बारीक छेदातून बोथट टोकाची नळी घालून चरबी ओढून घेतात. बोथट नळी रूढ केली पॅरिसच्या इलूझ डॉक्टरांनी 1977 च्या सुमारास, आणि ते पाणी भरायची रीत आणली कॅलिफोर्नियाच्या क्लाइन डॉक्टरांनी 1980 च्या दशकात. त्याआधी 1920 च्या दशकात फ्रान्समध्ये एका नर्तकीच्या पायाची चरबी खरवडून काढायला गेले आणि तिचा पायच कापावा लागला. आता पद्धत पुष्कळ सुधारली आहे, तरी ऑपरेशन ते ऑपरेशनच. रक्ताची किंवा चरबीची गुठळी फुप्फुसात अडकू शकते, नळी आत लागू शकते, बधिर करायच्या औषधाची मात्रा जास्त होऊ शकते. एका वेळी 5 लिटरच्या वर काढायचं म्हटलं तर धोका आणखी वाढतो. नंतर काही आठवडे अंगाला घट्ट बसणारा पट्टा घालावा लागतो. सूज पुरती उतरायला महिने जातात. वैरणीचा भारा तर विसरच.

तुझं बाळ अजून अंगावर पितंय. ते सुटेपर्यंत हा विषय काढायचाच नाही. दुसरं मूल हवं असेल तर तेही आधी होऊ दे. आणि तू मिश्री लावतेस ते डॉक्टरांपासून लपवू नकोस. तंबाखूनं जखमेला रक्त कमी मिळतं, ती भरत नाही. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असशील तर त्याही सांग, त्यांतल्या काहींनी गुठळीचा धोका वाढतो.

तू पाठवलेल्या जाहिरातीत डॉक्टरचं नावच नाही, फक्त "आधी" आणि "नंतर"चे फोटो. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी केलेला माणूस हवा, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं नोंदलेला. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत तिथं थांबणार का, अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, हे विचारायचं. विचारलेलं त्यांना आवडलं नाही तर तिथून उठून यायचं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती तुझ्या "कुणाला सांगू नकोस"ची. चेतना राज नावाची कन्नड मालिकांत काम करणारी मुलगी होती, 21 वर्षांची. मे 2022 मध्ये बंगळुरूत चरबी काढायच्या ऑपरेशनसाठी ती मैत्रिणींबरोबर गेली. घरी आई-वडिलांना ठाऊक नव्हतं. ती परत आली नाही. ती बातमी वाचली तेव्हाही मला तूच आठवली होतीस.

रविवारी मी मिरजेहून येते. तुझ्या नवऱ्याशी आपण दोघी मिळून बोलू, आणि सोमवारी आधी पोटाचे स्नायू दाखवून घेऊ. तोवर कुठं ॲडव्हान्स भरू नकोस.